उडविणारे हात आणि दुरुस्तीचे हात

फवारणीचे ड्रोन १५,००० महिला बचत गटांच्या हाती देणाऱ्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेस केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने घेतलेले बळी ज्यांना आठवतात, ते तिचे स्वागतच करतील. आम्हीही करतो.

परंतु एक गोष्ट आम्हांस खटकते. २०२१ च्या नियमांनी असा ड्रोन उडविणाऱ्यास प्रमाणपत्र सक्तीचे केले. दुरुस्ती करणाऱ्यास तशी सक्ती नाही. वारा वाढताच फवारणी थांबविणे, शेजारच्या विहिरीवर औषध जाऊ न देणे, ही चालकाची कर्तव्ये खरीच. पण फुगलेली बॅटरी, तडा गेलेला पंखा, तुंबलेले नोझल हे ओळखावे कोणी? कीड काही सुटा भाग शहरातून येईपर्यंत थांबत नाही. शिक्षक असताना शाळांच्या कपाटांतून क्षुल्लक बिघाडापायी वर्षानुवर्षे पडून राहिलेली उपकरणे आम्ही पाहिली आहेत. आमच्या सुशिक्षित वर्गास उड्डाणाचे कौतुक फार, पान्याचे मुळीच नाही; धोरणातही तीच दृष्टी उतरली आहे.

तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत या दुरुस्तीचे रीतसर शिक्षण आणि सुट्या भागांचा साठा, या दोन्हींची तजवीज सरकारने येत्या खरिपापूर्वी करावी.