पुरस्कारानंतरचा ताळेबंद

डिंभे धरणात जमिनी गेलेल्या महादेव कोळी कुटुंबांसोबत काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी आंबेगावच्या डोंगरात उभ्या केलेल्या या कामात जलाशयातली मासेमारी आली, तशी पडकईही. उतारावर दगडांचा बांध रचायचा, मागे माती भरायची, की भाताचं खाचर तयार. पुढे पडकई रोजगार हमीत बसली. मजुरीसाठी देणगीदाराचं तोंड पाहणं त्यामुळे टळू लागलं. आमच्या लेखी पुरस्कारापेक्षा ही गोष्ट मोठी.

कुठल्याही संस्थेची आर्थिक प्रकृती एका वर्षाच्या ताळेबंदावरून कळत नाही. पाच-सात वर्षांचे कागद शेजारी शेजारी ठेवावे लागतात. एका साली निधी भरभरून येतो, पुढच्या साली प्रकल्प संपतो आणि कार्यकर्त्यांचं मानधन थकतं. करसवलत टिकवायची तर साधारणपणे उत्पन्नाचे 85 टक्के त्याच वर्षी खर्ची घालायचे. मग गंगाजळी साठणार कधी? त्यात परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली. देणगीदारांना विहिरीचा फोटो हवा असतो, हिशेबनिसाचा पगार मात्र कुणालाच द्यायचा नसतो. (हिशेब उशिरा आला की पहिली तक्रार त्यांचीच!)

सगळी अनुदानं थांबली तर किती महिने पगार निघतील, हा आकडा आम्ही आधी शोधतो. वार्षिक अहवालात तो क्वचितच छापलेला असतो.