दऱ्या आणि दर्या

आमच्या सरांचे वय चौऱ्याऐंशी. ज्यांच्या हाताखाली मी मराठी शिकलो आणि ज्यांची नक्कल करीत करीत आज मी कॉलेजात मराठी शिकवतो, ते हे सर. जन्मभर त्यांना दोनच व्यसने, व्याकरण आणि डोंगर. रविवार उजाडला की सर त्र्यंबकच्या वाटेला लागायचे. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर ही नावे ते सख्ख्या भावंडांची घ्यावीत तशी घेतात. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा त्यांनी त्या भटकंतीच्या आठवणी लिहून काढल्या, आणि आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवून गेल्या दसऱ्याला त्यांचे पुस्तक काढले. पुस्तकाच्या नावात 'दऱ्याखोरी' हा शब्द होता. सारे रामायण घडले ते त्या शब्दावरून.

मजकूर जुळवणाऱ्या मुलाने एक फुकट मिळणारा फॉन्ट वापरला होता. फॉन्ट देखणा होता, पण 'दऱ्या' लिहिले की भलतेच दिसे. 'र'च्या पायाशी एक टिंब, त्याखाली मोडका पाय, आणि 'या' आपला अलग उभा, भांडण झालेल्या शेजाऱ्यासारखा. मुलगा हुशार. त्याने कोणाला न विचारता रफार देऊन 'दर्या' करून टाकले. मुखपृष्ठ शेवटी मीच तपासले आणि मीच पसंत केले, हे इथे कबूल करायला हवे. पाचशे प्रती छापून आल्या.

सरांनी भिंग लावून नाव वाचले. मग भिंग खाली ठेवले.

"जन्मभर मी सह्याद्रीत हिंडलो," सर म्हणाले, "आणि तू मला समुद्रात लोटलेस!"

दर्या म्हणजे समुद्र. दरीचे अनेकवचन दऱ्या. एका अक्षराच्या फरकाने डोंगराचे पाणी होते. आपल्या मराठीत अशा जोड्या थोड्या नाहीत. लग्नघरी 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' यांत पैसे निरनिराळ्या खिशांत जातात. 'आचार्य'सारख्या शब्दात मागच्या अक्षरावर आघात येतो, म्हणून तिथे रफार. दरीच्या दऱ्या होतात, सुरीच्या सुऱ्या, आचारीचा आचाऱ्याला. तिथे आघात नाही, म्हणून तो अर्धचंद्रासारखा चिमुकला र. वर्गात हे मी वीस वर्षे सांगत आलो आहे. तेच माझ्या डोळ्यांदेखत मुखपृष्ठावर चुकले.

दिवाळीला माझी भाची पुण्याहून आली. ती तिथे संगणकाच्या नोकरीत आहे. फराळाच्या ताटाशेजारी तिने ते पुस्तक उघडले, मग स्वतःच्या लॅपटॉपवर तोच फॉन्ट उतरवून घेतला, आणि चकली हातात तशीच ठेवून म्हणाली, "मामा, छापखान्याचे चुकले ते नंतर. मूळ खोट फॉन्टातच आहे. आपण ती दुरुस्त करू शकतो."

"धर्माच्या गाईचे दात कोण मोजतो?" मी म्हणालो. "फुकटचा फॉन्ट तो."

"फुकट नव्हे, मुक्त," ती म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास मी विद्यार्थी झालो.

सार्वजनिक वाचनालयातली जुनी पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत (आमच्या नाशिकचे वाचनालय १८४० सालचे), त्यांना समासातल्या पेन्सिलीच्या खुणा ओळखीच्या असतील. कुणा अनामिक वाचकाने छापील चूक खोडून शेजारी बरोबर शब्द लिहिलेला असतो. मला या मंडळींविषयी नेहमी आदर वाटत आला आहे. पण त्यांची दुरुस्ती त्या एका प्रतीपुरती राहते. दुसऱ्या गावच्या वाचनालयात तीच चूक सुखाने नांदत असते. मुक्त सॉफ्टवेअरचे मर्म असे की, त्यात समासातली पेन्सिल मूळ ग्रंथापर्यंत पोचू शकते. प्रोग्रॅम कसा लिहिला आहे ते कोणीही उघडून वाचावे, आपल्या प्रतीत बदलावे, आणि बदल सरस वाटला तर तो मूळ सांभाळणाऱ्यांकडे पाठवावा. त्यांनी पसंत केला की पुढच्या आवृत्तीत तो जगभर सगळ्यांच्या घरी जातो.

ही कल्पना काही कालची नव्हे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली तिचा झेंडा उभारला. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने आपला लिनक्स असाच सगळ्यांपुढे मांडला, आणि बदलांच्या ढिगात कोणी काय बदलले याची खतावणी ठेवण्यासाठी २००५ साली 'गिट' नावाचा प्रोग्रॅमही त्यानेच लिहिला. पण हे सारे साहेबाच्या देशातच चालते असा माझा समज होता. भाचीने तो काढून टाकला. 'लोहित' हे देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांचे मुक्त फॉन्ट वर्षानुवर्षे सांभाळले गेले ते पुण्यात. आपल्या राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' हा फॉन्ट करवून घेतला. तो मुक्त असल्यामुळे मुंबईच्या आय. आय. टी.तल्या मंडळींना त्याच्या पायावर संस्कृत ग्रंथांसाठी 'शोभिका' उभारता आला. शोभिकेत देवनागरीच्या सोळाशेंहून अधिक आकृती आहेत. सरकारी संस्थेची विहीर आणि पाणी भरायला सारा गाव मोकळा, असे आपल्याकडे वारंवार घडत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आता आमची खोट. जुन्या छापखान्यात खिळ्यांची पेटी असे आणि खिळे जुळवणारा जुळारी असे. संगणकातही तेच आहे. फॉन्ट ही पेटी. जुळारी म्हणजे निराळा प्रोग्रॅम. त्यातला एक प्रसिद्ध जुळारी आहे हार्फबझ. बेहदाद एस्फहबोद या इराणी गृहस्थाने तो घडवला. नाव फारसी, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडे. आपला 'हरफ' तो हाच. फायरफॉक्स, क्रोम, तुमचा अँड्रॉइड फोन, सगळीकडे अक्षरे जुळवायला हाच बसलेला आहे, आणि तोही मुक्त. युनिकोडच्या वहीत 'र'चा क्रमांक ०९३० आणि 'ऱ'चा ०९३१. आमच्या फॉन्टाच्या पेटीत तो चिमुकला अर्धचंद्र र होता. कोणा कलावंताने तो प्रेमाने काढलेला होता. पण '०९३१चा पाय मोडला तर हा खिळा उचल' अशी चिठ्ठी कप्प्यावर लावायचीच राहिली होती. जुळाऱ्याला बिचाऱ्याला कळणार कसे? (जाता जाता, 'ॲ' या अक्षराला त्या वहीत स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ साली. तोवर आपण 'अ'च्या डोक्यावर चंद्र ठेवून वेळ मारून नेत होतो.)

भाचीने एका ओळीची चिठ्ठी लिहून पाठवली. आठवड्याने उत्तर आले. बदल ठीक दिसतो, पण चाचणी कुठे आहे?

चाचणी म्हणजे काय, हे ज्याने मुद्रिते तपासली आहेत त्याला लगेच पटेल. एका ओळीतली चूक सुधारावी तर त्याच ओळीत नवी शिरते. दुसऱ्या आवृत्तीत सुधारलेली तिसरीत परत येते. ही मंडळी त्यावर असा उपाय करतात की, दुरुस्तीबरोबर काही नमुने द्यायचे, शेजारी त्यांची बरोबर उत्तरे द्यायची. पुढे कोणी कुठेही हात लावला की यंत्र सगळे नमुने पुन्हा जुळवून पाहते. एक चुकला तरी लाल खूण. अमुक माणूस आठवणीने तपासील, ही भिस्तच नाही.

"शब्द तुम्ही द्या मामा," भाची म्हणाली. "कुठे तो र येतो ते मला नीट सांगता यायचे नाही."

मी हर्षभरित होऊन बसलो. दऱ्या, खोऱ्यात, ताऱ्यांचा, वाऱ्यावर, कोऱ्या, वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाड, चऱ्हाट, गऱ्हाणे, तऱ्हा... मध्यरात्रीपर्यंत एकशे सदतीस शब्द झाले. सौभाग्यवतींनी झोपेतून 'बुऱ्हाणपूर' सुचवले. विद्यापीठात प्रबंध द्यावा त्या थाटात मी ती यादी पाठवली.

ती परत आली. तपासणारा गृहस्थ कोणत्या देशाचा हे मला आजही ठाऊक नाही. माझे पद, माझी पदवी त्यालाही ठाऊक नव्हती. त्याचे दोन आक्षेप होते. पहिला असा की, दऱ्या, सुऱ्या आणि कोऱ्या हे यंत्राच्या दृष्टीने एकच उदाहरण तीनदा झाले. प्रत्येक नमुन्याला निराळे कारण हवे. दुसरा जिव्हारी लागला. यादीत सगळे शब्द बिघडलेले होते. जे आज नीट दिसतात आणि तसेच राहिले पाहिजेत, ते कुठे आहेत?

वीस वर्षे मी दर्या आणि दऱ्या शेजारी शेजारी लिहून शिकवतो, आणि यादी करताना अर्धी जोडी विसरलो! रागाने दोन दिवस काही केले नाही. मग मुकाट्याने दहा-बारा शब्द ठेवले आणि प्रत्येकाशेजारी त्याचा सोबती बसवला. दऱ्याजवळ दर्या, आचाऱ्यांना जवळ आचार्यांना. शिवाय सूर्य, कार्य, धैर्य.

भाचीने पुण्याहून चाचणी चालवली आणि रात्री फोन केला. "मामा, सूर्य गेला!"

तिच्या एका ओळीच्या चिठ्ठीत ०९३१बरोबर ०९३०ही अडकला होता. 'दऱ्या' सुधारल्या, पण साधा 'सूर्य' आता 'सूऱ्य' दिसत होता. कार्याचे काऱ्य, धैर्याचे धैऱ्य. माझी पहिली यादी तशीच स्वीकारली गेली असती तर सगळे नमुने हिरवे दिसले असते, आणि तो फॉन्ट वापरणाऱ्या प्रत्येकाच्या पंचांगातला सूर्य आम्ही दोघांनी मिळून बिघडवला असता. मुखपृष्ठ पसंत करणारा हात आणि यादी करणारा हात एकच, हे माझ्या ध्यानात आले. त्या अनोळखी गृहस्थाला मी आभाराच्या चार ओळी धाडल्या. त्याने उत्तरादाखल अंगठ्याचे एक चित्र पाठवले.

चिठ्ठी दुरुस्त झाली. सूर्य परत आला. तेवढ्यात एका नेपाळी माणसाने मध्येच लिहिले की हा र आमच्याही भाषेत आहे, 'गऱ्यो' हा शब्द घाला. म्हणजे 'केले'. घातला. मराठी लग्नात नेपाळी पाहुणा आल्यासारखे वाटले. माघ संपता संपता बदल मूळ फॉन्टात गेला. खतावणीत भाचीचे नाव आहे आणि चाचणीच्या नोंदीपुढे माझे. हा लेख संपादक कोणत्या फॉन्टात छापणार आहेत मला माहीत नाही. त्यात दऱ्या जागेवर नसतील तर माझ्याऐवजी फॉन्ट सांभाळणाऱ्याला पत्र लिहावे.

पाडव्याला आम्ही नवी मुखपृष्ठे छापून उरलेल्या प्रतींना चढवली आणि पहिली घेऊन मी सरांकडे गेलो. भिंग निघाले. सरांनी नाव एकदा सरळ वाचले, एकदा बोटाने. "आलो परत डोंगरात," ते म्हणाले. मला वाटले, सुटलो. पण भिंग खाली गेले नाही. ते सरकत सरकत त्यांच्या स्वतःच्या मनोगतावर थांबले.

"हा ल कुणाचा रे?"

मी वाकून पाहिले. उभ्या दांड्याचा, हिंदीच्या वळणाचा ल होता. आपला पाकळीचा नव्हे.

"आणि श-सुद्धा तसलाच," सर म्हणाले. "तुझ्या त्या भाचीला फोन लाव बघू."