शिलाईचा दर कोण ठरवतं?

जूनमध्ये कोरा गणवेश घालून तुमची मुलं शाळेला निघतात. तो गणवेश आमच्या सोलापुरातल्या एखाद्या घरात शिवलेला असू शकतो बरं का! सोलापूर म्हटलं की चादर आठवते, पण शालेय गणवेशांसाठीही हल्ली आमच्या गावाचं नाव झालंय. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि विड्या वळणाऱ्या घरांतल्या कितीतरी लेकीसुनांनी शिलाई मशीन जवळ केलं.

पूर्व भागात दुपारी फिरा. दर दोन-चार घरांआड मशीनचा आवाज येतो. एकीकडे कॉलर, दुसरीकडे खिसे, तिसरीकडे काज-बटण. म्हाताऱ्या सासूबाई उंबऱ्यात बसून धागे कापतात. आठवड्याचा पगार हातात आला की वाण्याची उधारी फिटते, भिशीचा हप्ता जातो, क्लासची फी भरली जाते. हा पैसा गल्लीतच फिरतो, म्हणून तर गल्लीतली दुकानं चालतात. तरी बाईला विचारा, काय करता? ‘काही नाही, घरीच असते’!

मला खटकतं ते पुढचंच. दर ठेकेदार सांगतो, तोही तोंडी. वीज आपली, सुई आपली, मशीनची दुरुस्ती आपली, पुष्कळदा दोराही आपलाच. जागेचं भाडं तर कुणी हिशेबात धरतच नाही. माल परत आला तर उसवून पुन्हा शिवायचा, फुकट. हे सगळं वजा करून हातात काय राहिलं, ते किती जणींनी मांडून पाहिलंय?

२०२४ मध्ये सरकारनेच शाळांचे गणवेश महिला बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरवलं. कल्पना चांगली होती. पण शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक मुलांना गणवेश मिळाले नाहीत, मापांच्या तक्रारी आल्या, आणि डिसेंबरमध्ये तो निर्णय फिरवून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. ‘बायकांना जमलं नाही’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. कापड कधी येणार, किती येणार, हे काही शिवणारीच्या हातात नव्हतं.

कायद्याचं म्हणाल तर घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आपली व्याख्या तरी आली. २०२१ पासून ई-श्रम नोंदणीही सुरू आहे. ती फुकट होते. केली नसेल तर करून टाका.

आणि मैत्रिणींनो, एक साधी वही घाला. तारीख, नग, दर, परत आलेले नग, घेतलेली उचल. ठेकेदाराची सही मिळाली तर उत्तमच. एकटी दर वाढवून मागायला गेली की तो म्हणतो, ‘पलीकडच्या गल्लीत बाया भरपूर आहेत.’ तेव्हा हंगामाचा पहिला गठ्ठा उचलायच्या आधी पलीकडच्या गल्लीत जाऊन या. त्या बायांना किती दर मिळतो, ते तुमच्या वहीत लिहून घ्या, आणि तुमचा त्यांना सांगा.