इसब आणि पोराची वाढ

गेल्या रविवारी वस्तीतल्या एका घरी आम्ही बसलो होतो. चार वर्षांचा पोरगा कोपराच्या लवणीत आणि गुडघ्यामागे सारखा खाजवत होता. अंगावर मांस नाही, उंचीही बेताचीच. आई म्हणाली, "भाऊ, इसब आहे याला. लोकांनी सांगितलं म्हणून सहा महिने दूध, अंडं, मासळी बंद केली. खाज गेली नाही आणि पोर वाढतही नाही."

आम्ही कारकून, डॉक्टर नव्हे. पण जमाखर्च आम्हाला कळतो. जमाच बंद केली तर शिल्लक कुठून राहणार?

बंधू-भगिनींनो, इसबाने वाढ खुंटतेच असे नाही. थोडे इसब असलेली मुले इतरांसारखीच वाढतात. आजार अंगभर आणि जुना असला तर मात्र उंची मागे पडू शकते. त्याची मुख्य कारणे तीन.

पहिले, झोप. वाढीचे संप्रेरक मुख्यतः रात्रीच्या गाढ झोपेत स्रवते. खाजेने पोर रात्रभर तळमळले तर ती झोप मिळत नाही. दुसरे, अंदाजाने बंद केलेले अन्न. काही मुलांना एखादा पदार्थ खरोखर बाधतो. पण तो कोणता, हे डॉक्टरांनी ठरवावे. बंद केलेले पदार्थही त्यांना विचारूनच पुन्हा सुरू करावेत. तिसरे, दुकानातून परस्पर आणलेले कडक स्टिरॉइड मलम महिनोन्‌महिने अंगभर चोळणे. डॉक्टरांनी दिलेले मलम सांगितले तितके दिवस लावण्यास मात्र भिऊ नये.

आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात उरकावी. अंग ओलसर असतानाच व्हॅसलीनसारखे साधे मलम लावावे. नखे कापावीत, कपडे सुती घालावेत. इसब शिवल्याने लागत नाही. तेव्हा अशा पोराला कोणी खेळातून दूर लोटू नये.

सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचे वजन-उंची अंगणवाडीत नोंदवून घ्यावी. तीन वर्षांपुढचे मूल वर्षाला साधारण ५ ते ७ सेंटिमीटर वाढते. कार्डावरची रेघ दोन-तीन महिने वर चढली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. इसब आटोक्यात आले की बहुतेक मुले मागे पडलेली वाढ भरून काढतात.

त्या माउलीबरोबर आम्ही सोमवारी अर्धी रजा टाकून सरकारी दवाखान्यात गेलो. तुमच्या शेजारी असे पोर असेल, तर तुम्हीही एक दिवस सोबत जा.