मुकुट वर्षाचा, विद्या जन्माची

१७ नोव्हेंबर १९६६ रोजी लंडनच्या लायसियम बॉलरूममध्ये मुंबईच्या एका वैद्यकीय विद्यार्थिनीच्या मस्तकावर ‘मिस वर्ल्ड’चा मुकुट चढला. तिचे नाव रीटा फारिया. वय २३ वर्षे. जन्म मुंबईचा, घराणे गोव्याचे आणि शिक्षण भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपण सारे ज्याला ‘जे. जे.’ म्हणतो तेथे. आशिया खंडातील स्त्रीला हा किताब मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

आपल्यातील ज्येष्ठ वाचकांना हे नाव स्मरत असेल. तरुण वाचकांच्या कानावर ते बहुधा गेलेही नसेल. १९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी एकाच वर्षी दोन जागतिक किताब मिळविले आणि त्यानंतरच्या विजेत्यांची नावे घरोघरी पोहोचली, कारण त्या पुढे पडद्यावर दिसत राहिल्या. रीटा मात्र दिसेनाशी झाली. ती कोठे गेली आणि का गेली, हे समजून घेण्यासारखे आहे. सौंदर्यस्पर्धेत उतरणाऱ्या तरुण मुलीला स्वतःची मूल्ये असतात काय, असतील तर ती कशी ओळखावीत, या प्रश्नाचे एक उत्तर तिच्या आयुष्यात सापडते.

‘मिस बॉम्बे’ आणि ‘मिस इंडिया’ हे दोन्ही किताब तिला त्याच वर्षी मिळाले. त्या वेळी आजच्यासारखी महिनोन्‌महिन्यांची तयारी नव्हती. चालणे, बोलणे, हसणे शिकविणाऱ्या शिक्षकांची फौज नव्हती. देशात परकीय चलनाची टंचाई होती. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले होते आणि परदेशी निघालेल्या सामान्य प्रवाशाला जेमतेम तीन पौंड बरोबर नेता येत. रीटाच्या पर्समध्येही तेवढेच होते. स्पर्धेसाठी लागणारे कपडे काही ओळखीपाळखीतून उसने आणलेले होते. असा संसार घेऊन ती लंडनला पोहोचली आणि जिंकली.

स्पर्धेतील प्रश्नोत्तरांच्या वेळी तिच्या डॉक्टर होण्याच्या इच्छेविषयी विचारणा झाली. भारताला स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांची गरज आहे, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. हे उत्तर मराठी वाचकाच्या मनात एक जुनी आठवण जागी करते. बरोबर ८० वर्षांपूर्वी, १८८६ साली, आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्राचाच होता. कोवळ्या वयात स्वतःचे दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या त्या मातेने समुद्र ओलांडला तो याच विद्येसाठी. पदवीनंतर वर्षभरातच आनंदीबाई गेल्या. परंतु त्यांनी उघडलेल्या वाटेने पुढे अनेक मुली चालू लागल्या. १९६६ साली मुंबईची एक मुलगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या वर्गातून उठून थेट जगाच्या मंचावर उभी राहते आणि तेथेही वर्गातलीच गोष्ट बोलते, हे त्या वाटेवरचेच एक पाऊल होते.

मुकुटाबरोबर एक करार येतो. विजेतीने वर्षभर संयोजक सांगतील तेथे जायचे, सांगतील त्या समारंभात उभे राहायचे. त्याच वर्षीच्या नाताळात विनोदी नट बॉब होप यांच्या चमूसोबत रीटा व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांच्या मनोरंजनासाठी गेली. भारताला ते युद्ध मान्य नव्हते, त्यामुळे मायदेशी तिच्यावर टीका झाली. त्या वर्षाचा एक धडा येथे दिसतो. प्रसिद्ध चेहरा हा ज्याचा त्याचा राहत नाही. कोणी त्याचा उपयोग साबण विकण्यासाठी करतो, कोणी सैनिकांचे मन रमविण्यासाठी. चेहऱ्याच्या धनिणीला आपण कोणत्या कार्यासाठी उभे आहोत, हे ठरविण्याची मुभा फार थोडी असते.

वर्ष संपले. चित्रपटांची बोलावणी आली, जाहिरातींची आली. त्या काळच्या मध्यमवर्गीय कुटुंबाने कधी पाहिला नसेल एवढा पैसा समोर होता. रीटाने ते सारे नाकारले आणि वैद्यकीय शिक्षणाकडे तोंड वळविले. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये तिने शिक्षण घेतले. डॉक्टर झालेली पहिली ‘मिस वर्ल्ड’ म्हणून तिची नोंद आहे. १९७१ साली डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशी तिचा विवाह झाला आणि १९७३ साली हे दांपत्य आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे स्थायिक झाले. तेथे डॉ. रीटा यांनी रुग्णसेवा केली, दोन मुली वाढविल्या, नातवंडे पाहिली. मधूनमधून परीक्षक म्हणून त्या स्पर्धेच्या मंचावर आल्या आणि पुन्हा आपल्या घरी परतल्या.

या परतण्यातच त्यांच्या मूल्यांचा पुरावा आहे, असे मला वाटते. मोह समोर उभा ठाकल्यावर निर्णय घ्यायला बसणारा माणूस बहुधा मोहाच्याच बाजूने निर्णय घेतो. रीटाने डॉक्टर होण्याचे ठरविले होते ते मुकुटाच्या आधी. मुकुट मधल्या वाटेवर आला, वर्षभर राहिला आणि गेला. वाट तीच राहिली.

याचा अर्थ चित्रपटात जाणारी मुलगी मूल्यहीन आणि दवाखान्यात जाणारी मूल्यवान, असा सोपा हिशेब कोणी मांडू नये. सुश्मिता सेन चित्रपटात गेल्या. पण २००० साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, अविवाहित असताना त्यांनी एका मुलीला दत्तक घेतले. घराण्याचे नाव, रक्त आणि वंश यांभोवती फिरणाऱ्या आपल्या समाजात हा निर्णय सोपा नव्हता. २०१७ साली ‘मिस वर्ल्ड’ झालेली हरियाणाची मानुषी छिल्लर हीदेखील वैद्यकीय विद्यार्थिनीच होती. सर्वाधिक वेतन कोणत्या व्यवसायाला मिळावे, या प्रश्नावर तिने आईचे नाव घेतले होते. ती पुढे अभिनयाकडे वळली. रीटाचा मार्ग तिचा, मानुषीचा मार्ग हिचा. वाट कोणती निवडली यापेक्षा ती कोणी निवडली, हे आपण पाहावे.

सौंदर्यस्पर्धांवरील आक्षेप खोटे नाहीत. १९५१ साली लंडनमध्ये ‘मिस वर्ल्ड’ची सुरुवात झाली तीच पोहण्याच्या पोशाखाच्या प्रदर्शनातून, आणि ती फेरी बंद करण्याची घोषणा व्हायला २०१४ साल उजाडावे लागले. १९९६ साली बंगळुरूला ही स्पर्धा झाली, तेव्हा स्त्रीवादी संघटना आणि परंपराभिमानी संघटना, एरवी एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या, दोघीही विरोधात रस्त्यावर उतरल्या. देहाला मोजपट्टी लावण्याची किंमतही खरी आहे. २०२१ ची ‘मिस युनिव्हर्स’ हरनाज संधू हिचे वजन किताबानंतर वाढले, तेव्हा समाजमाध्यमांवर तिची निर्दय टिंगल झाली. आपल्याला सीलिअॅक हा आजार आहे, गव्हासारख्या धान्यातील ग्लुटेन आपल्या शरीराला सोसत नाही, हे त्या मुलीला जगापुढे सांगावे लागले. काल जिच्यावर फुले उधळली, तिच्याकडून आज आजाराचा खुलासा मागण्यात आला.

एवढे म्हणून आपण मंचाला नावे ठेवून मोकळे होतो. परंतु वाचकहो, एक मंच आपल्या घरातही आहे, त्याचे काय?

वधू-वर परिचय पुस्तिका उघडून पाहा. मुलीच्या नावाखाली उंची आहे, वर्ण आहे. अपेक्षांच्या रकान्यात ‘गोरी, सडपातळ, सुस्वरूप’ हे तीन शब्द वर्षानुवर्षे ठाण मांडून आहेत. परिचय मेळाव्यात मुलगी व्यासपीठावर येते, ध्वनिक्षेपकासमोर दीड मिनिटात स्वतःची ओळख सांगते आणि खाली बसलेली मंडळी पुस्तिकेवर खुणा करतात. घरी पाहण्याचा कार्यक्रम झाला, तर पोह्यांच्या बश्या फिरत असताना तिची चाल, तिचा आवाज, तिचा रंग यांची नोंद होते आणि निकाल आठ दिवसांनी मध्यस्थामार्फत कळतो. कधी कळतच नाही. लंडनच्या मंचावर उभ्या राहिलेल्या रीटाने अर्ज स्वतः भरला होता. आपल्या दिवाणखान्यात बसलेल्या मुलीचा अर्ज अनेकदा दुसऱ्यानेच भरलेला असतो. तिकडे परीक्षकांनी निदान तिला काय व्हायचे आहे, हे विचारले. इकडे ‘लग्नानंतर नोकरी करणार का?’ हा प्रश्न विचारला जातो तोदेखील बहुधा तिच्या वडिलांना.

‘रंग जरा सावळा आहे, पण नाकीडोळी नीटस,’ हे वाक्य किती सहज बोलले जाते! त्यातील ‘पण’ मुलगी आयुष्यभर विसरत नाही. मुलीच्या जन्मापासून आपण तिच्या दिसण्याची इतकी उजळणी करतो आणि मग महाविद्यालयात गेल्यावर तिने एखाद्या सौंदर्यस्पर्धेत नाव दिले, तर ‘हे खूळ कोठून शिरले?’ असे विचारतो. तिच्या डोक्यात ते आपणच घातलेले असते.

तेव्हा एखाद्या घरातील मुलीने असा हट्ट धरलाच, तर पालकांनी काय करावे? माझ्या अल्पमतीने, नकार किंवा होकार देण्याआधी तिच्याशी शांतपणे बसून चार गोष्टी बोलाव्यात. पहिली, पैशाची. अनेक लहानमोठ्या स्पर्धा सहभागाचे शुल्क, प्रशिक्षणाचे शुल्क, छायाचित्रांचे शुल्क अशा वाटांनी मुलींकडूनच पैसा गोळा करतात. किताब एकीला मिळतो, खर्च सर्वांचा होतो. दुसरी, कराराची. सही करण्यापूर्वी तो कागद जाणत्या वकिलाला दाखवावा. वर्षभर कोणाच्या आज्ञेत राहावे लागेल, छायाचित्रांवर हक्क कोणाचा, मिळकतीत वाटा किती, हे वाचल्याशिवाय लेखणी उचलू नये. तिसरी, प्रकृतीची. पोटाला चिमटा घेऊन, डॉक्टरांना न विचारता केलेले उपाशी राहणे म्हणजे संयम नव्हे. संयमाने मन सबळ होते, अशा उपासमारीने शरीर दुबळे होते. चौथी सर्वांत महत्त्वाची. जे करायला मन घेत नाही, त्याला भर मंचावर, झगमगत्या दिव्यांसमोर, ‘नाही’ म्हणता येईल काय? घरात ज्या मुलीला कधी ‘नाही’ म्हणू दिले नाही, तिला ते बाहेर अचानक कसे जमावे? कोणते कपडे घालावेत, कोणता विषय घ्यावा, कोणते स्थळ नको, या लहानमोठ्या गोष्टींत तिचा नकार ऐकून घेण्याची सवय आईवडिलांनी आधी लावून घेतली पाहिजे.

आणि या चारही गोष्टींच्या अगोदर तिला एक प्रश्न विचारावा: स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू काय करणार आहेस? जिंकलीस तर काय, आणि हरलीस तर काय? दोन्हींचे उत्तर जिच्याजवळ सारखेच असेल, तिने खुशाल जावे. ‘पुस्तक उघडणार’, ‘सरावाला बसणार’, ‘दुकानाचा हिशेब पाहणार’, यांपैकी कोणतेही उत्तर चालेल. ज्या मुलीपाशी उत्तरच नाही, तिला रागावू नये. तिचे स्वतःचे काम तिला सापडेपर्यंत आपण सोबत करावी.

हाच प्रश्न विवाहाच्या व्यासपीठालाही लागू आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्यानंतरच्या चाळीस वर्षांत, ही मुलगी काय करू इच्छिते, हे पाहायला आलेल्या मंडळींनी तिलाच विचारावे आणि तिच्या उत्तराची वाट पाहावी. आपल्या गावच्या परिचय पुस्तिकेची नवी आवृत्ती निघेल, तेव्हा संपादक मंडळाने ‘वर्ण’ हा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी ‘मला काय करायचे आहे’ असा रकाना ठेवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. तो मुलींसाठी असावा आणि मुलांसाठीही. छपाईचा खर्च एका पैशानेही वाढणार नाही.