सामाईक लायब्ररी आणि आवृत्तींचा तंटा

गेल्या वर्षीं निकालाच्या आदल्या दिवशीं आमच्या शाळेच्या संगणककक्षांत एक चमत्कारिक प्रकार घडला. गुणपत्रकें छापणारी आज्ञावली सकाळीं सुरळीत चालत होती, ती दुपारीं उघडेना. चौकशीअंतीं असें कळलें कीं, नववींतील एका विद्यार्थ्यानें शिक्षकांच्या परवानगीनेंच त्या यंत्रावर चित्रें पाहण्याची एक आज्ञावली बसविली होती. गुणपत्रकांस त्यानें हातही लाविला नव्हता. तरी बोल त्यासच लागला. पोर अगदीं रडकुंडीस आलें. रात्रीं एका माजी विद्यार्थ्यानें येऊन तें कोडें सोडविलें, आणि मुलगा निर्दोष ठरला. मग दोष कोणाचा, याचा विचार करण्यासाठीं हा लेख.

संगणकाची प्रत्येक आज्ञावली आपलें सर्व काम स्वतःच करीत नाहीं. अक्षरें पडद्यावर मांडणें, चित्र उलगडणें, फाइल उघडणें हीं कामें सर्वांसच लागतात. म्हणून तीं एकदांच लिहून सामाईक ठिकाणीं ठेवितात, व ज्यास लागतील तो तेथून घेतो. अशा संग्रहास लायब्ररी म्हणतात. विंडोजमध्यें तिच्या फाइली डी.एल.एल. या नांवानें ओळखल्या जातात. यांत जागा वांचते, श्रमही वांचतात. गांवच्या पाणवठ्यासारखीच ही सोय. परंतु नवी आज्ञावली येतांना त्याच नांवाची पण निराळ्या आवृत्तीची लायब्ररी घेऊन आली, आणि तिनें जुनी पुसून त्या जागीं आपली ठेविली, तर जुनीवर विसंबलेल्या आज्ञावलीनें काय करावें? ती हांक मारते, आणि ओ देणारा भलताच निघतो. आमचें यंत्रही जुनें व आज्ञावलीही जुनी. तेथें घडलें तें हेंच. 1990 नंतरच्या दशकांत हा प्रकार विंडोजवर इतका बोकाळला होता कीं, जाणत्या मंडळींत त्यास ‘डी.एल.एल.चा नरक’ असेंच नांव पडलें.

मराठी लिहिणारांस याचा अनुभव विशेष आहे. देवनागरीचीं जोडाक्षरें, वेलांट्या व रफार जागच्या जागीं बसविण्याचें काम विंडोजवर ‘यूएसपी10’ नांवाची लायब्ररी करीत असे. विंडोज 2000 बरोबर तिची एक आवृत्ति आली; पुढें ऑफिस या आज्ञावलीसंचानें तिचीच अधिक नवी आवृत्ति आपल्या फोल्डरांत वेगळी आणिली. परिणाम असा कीं, एकाच यंत्रावर एकच मजकूर वर्डमध्यें एका तऱ्हेचा, तर साध्या नोटपॅडमध्यें दुसऱ्या तऱ्हेचा दिसूं शके. पुष्कळ हौशी लोक ती नवी फाइल उचलून मुख्य फोल्डरांतील जुनीवर लादण्याची खटपट करीत. विंडोज 2000 मध्यें अशा फाइलींवर राखण असल्यामुळें यंत्र ती मुकाट्यानें काढून जुनी परत बसवी, आणि लोक चिडत. आमच्या मतें तेथें लोकांपेक्षां यंत्रच शहाणें होतें. ज्यास नवी हवी त्यानें ती आपल्याजवळ ठेवावी. चारचौघांच्या वस्तूस धक्का कां लावावा?

हें शहाणपण आमच्या जिल्ह्यास परकें नाहीं. कारंजा येथील जैन मंदिरांतील हस्तलिखितांचीं भांडारें प्रसिद्धच आहेत. पुष्पदंत कवीचें ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनीं 1931 सालीं व ‘णायकुमारचरिउ’ प्रा. हिरालाल जैन यांनीं 1933 सालीं संपादून कारंजाच्या ग्रंथमालांतून प्रसिद्ध केलें. निरनिराळ्या पोथ्या ताडून त्यांतील पाठभेद नोंदवून ठेवणें हें अशा संपादनाचें सार होय. नवी पोथी मिळाली म्हणून जुनीचीं अक्षरें कोणी खरवडलीं नाहींत. कोणता पाठ कोणत्या पोथींतला तें लिहिलें, आणि दोन्ही राखल्या.

विंडोजनें हा मार्ग 2001 सालच्या एक्सपी आवृत्तींत धरला. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्ती तींत शेजारीं शेजारीं नांदूं लागल्या, व आपणांस कोणती हवी याची चिठ्ठी आज्ञावलीबरोबर येऊं लागली. हॉलंडांत एल्को डोल्स्ट्रा यांनीं रचिलेली ‘निक्स’ ही व्यवस्था तर याच्याही पुढें गेली. तींत प्रत्येक लायब्ररीच्या फोल्डराचें नांवच ती ज्या सामग्रीपासून बनली तिच्यावरून हिशेबानें ठरतें, त्यामुळें दोघींची गांठ पडण्याचें कारणच उरत नाहीं. जागा मात्र बरीच लागते.

तर मग प्रत्येकानें आपापली प्रत बाळगावी, म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. तितकें तें सोपें नाहीं. सप्टेंबर 2004 मध्यें चित्रें उलगडणाऱ्या ‘जीडीआयप्लस’ या लायब्ररींत एक दोष असल्याचें मायक्रोसॉफ्टनें जाहीर केलें. मुद्दाम बिघडविलेलें जेपेग चित्र नुसतें उघडल्यानें परक्याच्या आज्ञा यंत्रांत शिरूं शकत. मुख्य प्रत दुरुस्त करून भागलें नाहीं, कारण अनेक आज्ञावल्यांनीं आपापल्या फोल्डरांत तिच्या प्रती ठेविल्या होत्या, व त्या एकेक हुडकून बदलणें प्राप्त झालें. पाणवठा दूषित झाला तर एकदां उपसतां येतो. घरोघरचे रांजण कोण तपासणार?

म्हणून खरा भार लायब्ररी रचणारावरच पडतो. येथें लिनक्समधील एक प्रकरण आम्हांस फार बोधक वाटतें. स्मृतींतील मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेणारें ‘मेम्कॉपी’ नांवाचें एक कार्य तेथील मूळ लायब्ररींत आहे. मूळ जागा व नवी जागा एकमेकींवर चढूं नयेत, असा त्याचा नियम. फ्लॅश नांवाची आज्ञावली हा नियम मोडीत असे, तरी योगायोगानें निभावत होतें. 2010 सालीं वेग वाढविण्यासाठीं त्या कार्याची रीत बदलली, आणि फेडोरा या व्यवस्थेवर फ्लॅशचा आवाज खरखरूं लागला. नियमानें दोष फ्लॅशचाच, असा एक पक्ष. चालतें काम मोडलें यांत वापरणाराचा काय अपराध, असा दुसरा, व त्यांत खुद्द लिनस टोरवाल्ड्स होते. आम्ही दुसऱ्या पक्षाचे. 2011 सालच्या आवृत्तींत तोडही तशीच निघाली: एकाच फाइलींत त्या कार्याचे दोन अवतार ठेविले, प्रत्येकास आवृत्तीची खूण दिली, पूर्वीं बनलेल्या आज्ञावलीस जुनें वर्तन मिळतें, नव्यानें बनणारीस नवें. सामाईक वस्तु सामाईकच राहिली, आणि जुन्या माणसास दारांतून परतही जावें लागलें नाहीं.

आमच्या कक्षांत आतां एक वही ठेविली आहे. कोणती आज्ञावली, कोणत्या आवृत्तीची, कोणत्या दिवशीं बसविली, व तिनें सामाईक फोल्डरांत काय टाकलें, हें तींत लिहावयाचें. आणि निकालाचें यंत्र त्या महिन्यांत कोणीं शिवावयाचें नाहीं, शिक्षकांनींही नाहीं. वही सांभाळण्याचें काम त्याच मुलाकडे दिलें आहे. तो आतां दहावींत आहे. पहिली नोंद त्यानें त्या दुपारचीच केली आहे, आणि शेवटच्या रकान्यांत जुन्या फाइलीची आवृत्तिही न विसरतां लिहिली आहे.