‘नुसती’ खिचडी

संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. कार्यालयातून नुकतीच परतलेली गृहिणी पर्स खुंटीला अडकवते आणि स्वतःचे हातपाय धुण्यापूर्वीच डाळ-तांदूळ धुवायला घेते. अर्ध्या तासाने पाने मांडली जातात, तेव्हा एक वाक्य हमखास उच्चारले जाते : ‘आज नुसती खिचडीच केली आहे हं!’ पुणे-नागपुरातच नव्हे, तर नोकरीच्या वा बदलीच्या निमित्ताने इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथे स्थिरावलेल्या मराठी घरांतूनही हे वाक्य ऐकू येते. त्यातील ‘नुसती’ हा शब्द थांबून विचार करण्याजोगा आहे. ती चक्क क्षमायाचना आहे. दिवसभर काम करून आल्यावर चौघांना गरम जेवण वाढणाऱ्या व्यक्तीने क्षमा कशाबद्दल मागावी?

मराठी मनात जेवणाचे एक पक्के चित्र ठसलेले आहे. पानाच्या डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूस भाजी, आमटी. मध्ये वरणभाताची मूद आणि तव्यावरून थेट पानात येणारी पोळी. हे चित्र देखणे आहे यात शंका नाही. परंतु ते मुळात सणावाराचे, पंक्तीचे आणि स्वयंपाकघरात चार-पाच जणी राबत असलेल्या घराचे चित्र आहे. आता कुटुंब चौकोनी झाले, राबणारे हात दोन उरले, त्या हातांनी नोकरीही पत्करली. मोजपट्टी मात्र जुनीच राहिली. मंगळवारच्या रात्री पूर्ण स्वयंपाक जमत नाही आणि एकच पदार्थ करण्याचा संकोच वाटतो, म्हणून मग हात फोनकडे वळतो व बाहेरून जेवण येते. महिनाअखेरीस त्या जेवणांची बेरीज करून पाहण्याचे धाडस फार थोडे जण करतात.

वस्तुतः खिचडीची कुळी कमी प्रतीची नाही. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने मूग व तांदूळ एकत्र शिजवून तुपासह खाण्याची येथील रीत नोंदवून ठेवली आहे. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने दिलेल्या प्रमाणात तांदूळ, डाळ आणि तूप ही तिन्ही समभाग आहेत. (हे तुपाचे प्रमाण आजच्या डॉक्टरांना न दाखवलेलेच बरे.) नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीतील आंतरराष्ट्रीय खाद्यमेळाव्यात तब्बल ९१८ किलो खिचडी शिजवून विश्वविक्रमही नोंदवला गेला. दिल्लीत तिचा असा सन्मान झाला. घरात ती ‘नुसती’च राहिली.

पोषणाच्या दृष्टीनेही या अन्नात उणे काढण्याजोगे फारसे नाही. तांदूळ-गव्हाच्या प्रथिनांत लायसीन कमी असते, ते डाळी भरून काढतात. डाळींत मेथिओनीन कमी असते, ते धान्यातून मिळते. मूठभर मटार, गाजर, फ्लॉवर वा पालक कुकरमध्येच टाकला की भाजीही त्यातच आली. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ आणि चार वाट्या गरम पाणी, एवढे प्रमाण लक्षात राहिले तरी पुरते. सोबतीला ताक वा दही असले की जेवण पुरे झाले.

खिचडीचा कंटाळा येतो ही तक्रार मात्र रास्त आहे, आणि तिला मराठी स्वयंपाकघरातच उत्तर आहे. पिठले दहा मिनिटांत होते; भाकरी थापणे साधत नसेल तर ते गरम भातावरही तितकेच गोड लागते. आणि खरी राणी म्हणजे वरणफळे. कुणी त्यांना चकोल्या म्हणतात, कुणी डाळफळे. तुरीच्या शिजलेल्या डाळीला मोहरी, हिंग, लसूण आणि कढीपत्त्याची खमंग फोडणी द्यावी. आमसूल, गूळ आणि गोडा मसाला घालून वरण सैलसर उकळत ठेवावे. तोवर तिखट, हळद, ओवा घालून घट्ट मळलेल्या कणकेची पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापावेत आणि उकळत्या वरणात एकेक करून सोडावेत. एकदम सोडले तर त्यांचा गोळा होतो. आठ-दहा मिनिटांत फळे शिजतात. वर साजूक तुपाची धार पडली की पोळी, आमटी आणि फोडणी एकाच वाडग्यात येतात. घासायला पातेले एकच, हा लाभ वेगळा.

नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्यांना तर या वरणफळांची भावंडे शेजारीच भेटतात. गुजरातेत दाळढोकळी आहे, तमिळनाडूत पोंगल. कर्नाटकातील ‘बिसी बेळे भात’ या नावाचा अर्थच मुळी ‘गरम डाळ-भात’. त्या नावात कुठेही संकोच नाही.

तथापि पाककृती सोपी झाली म्हणजे घरातील भार आपोआप हलका होतो, असे समजण्याचे कारण नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जात होती, तर ते करणाऱ्या पुरुषांची ९७. शिवाय असे काम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के होते, पुरुषांत अवघे २६.१ टक्के. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे २८९ वर आली. पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली. एवढ्या वेळात पिठले होते! राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या श्रमांना खाते नाही, आणि घरच्या ताळेबंदातही ते क्वचितच मांडले जातात.

म्हणून जो पदार्थ घरातील एकाहून अधिक माणसांना करता येतो, तोच सोपा म्हणावा. चारीठाव स्वयंपाक शिकायला वर्षे लागतील. खिचडी शिकायला दोन संध्याकाळी पुरतात. घरी जो आधी पोहोचेल त्याने कुकर लावावा, मग तो पती असो वा महाविद्यालयात जाणारा मुलगा. पहिल्या दिवशी पाणी अंमळ जास्त होईल, दुसऱ्या दिवशी मीठ विसरेल, पापड भाजताना एखादा करपेल. चालेल. साडेसातला दार उघडून आत येणाऱ्या गृहिणीला त्या दिवशी आधी हातपाय धुता येतील आणि कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचे काम दुसऱ्यावर सोपवून चहाचा कप घेऊन दहा मिनिटे टेकता येईल.